तीन हिसके म्हणजे धोका

रिटायरमेंटनंतरचं माझं पोस्टिंग: मीरा रोड, पेणकरपाडा, एका सोसायटीची सी विंग, पहिला मजला. स्ट्रेंग्थ दोन, मी आणि पत्नी सुनंदा. मुलगी लग्न होऊन पुण्याला. समोर गेट, गेटशेजारी वॉचमनची केबिन, मागे नाला. आठ वर्षांत शत्रूची कोणतीही हालचाल दिसलेली नाही. पोस्ट सुरक्षित आहे.

चोवीस वर्षं इन्फन्ट्रीत काढून हवालदार म्हणून बाहेर पडलो. आता वय एक्कावन्न. लोकांना वाटतं, रिटायर फौजी पहाटे पाचला उठतो. मी उठत नाही. उठायला आधी झोपावं लागतं.

माझी रात्र अशी असायची. २२३० ला लाइट्स आउट. २२३५ ला सुनंदा झोपते. तिला ऑर्डर लागत नाही. ००४० च्या सुमारास माझा डोळा लागतो. ०२४० ला उघडतो. घड्याळ न बघता सांगतो, दोन चाळीस. छातीत धडधड, हातपाय थंड, कान गेटकडे. तिथून उजाडेपर्यंत स्टँड-टू. स्टँड-टू म्हणजे हल्ला येईल असं धरून हत्यारासह आपल्या जागी तयार बसणं. हत्यार म्हणून माझ्या हातात टीव्हीचा रिमोट असायचा.

कारण मला माहीत होतं. उत्तनच्या पुढे पाली गावात माझ्या जोडीदाराची आई राहते. जोडीदार म्हणजे लान्स नाईक पास्कल. तो माझ्या शेजारी गेला आणि तो कसा गेला याबद्दल मी खोटं बोललो. साहेबांशी बोललो, आणि त्याच्या आईशी गप्प राहून बोललो. मीरा रोडला घर का घेतलं असं कोणी विचारलं तर स्टेशन जवळ आहे, असं सांगायचो. खरं कारण पाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्याच्या आईकडे, म्हणजे मावशींकडे जायचो, आज सांगायचंच असं ठरवून. मावशी जेवायला वाढायच्या. मी जेवायचो आणि सुके बोंबील घेऊन परत यायचो. आठ वर्षांत आमच्या घरात बोंबील कधी संपले नाहीत.

हे डॉक्टरांना सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "काही टेन्शन?"

"नो सर."

"मनात काही?"

"नो सर."

त्यांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. सुनंदा बाहेर आल्यावर म्हणाली, "तिथे पण सॅल्यूट मारायचा राहिला होता तेवढा."

मग तिने सूत्रं हातात घेतली. पहिला आठवडा जायफळ उगाळलेलं दूध. दुसरा आठवडा काशाच्या वाटीने तळपायाला तेल. तेलाचा परिणाम एवढाच झाला की ०२४५ ला खिडकीकडे जाताना मी फरशीवरून घसरलो आणि कपाटावर आदळलो. तिसऱ्या आठवड्यात मुलीने पुण्याहून मोबाइलवर झऱ्याचा आवाज पाठवला. तो मी चार मिनिटांत बंद केला. पाण्याच्या आवाजात पावलांचा आवाज ऐकू येत नाही. हे मुलीला कसं समजावणार? "रेंज नाही," म्हणालो.

शेवटी मी पेट्रोलिंग सुरू केलं. ०२४० ला जाग येतेच, तर कामाला लावावी. टॉर्च, काठी, कॅनव्हास शूज. ए विंग, बी विंग, पाण्याची टाकी, पार्किंग, परत. तिसऱ्या रात्री बी विंगचा एक तरुण नाइट शिफ्टवरून आला. मी खांबामागून आवाज दिला, "थम! कौन आता है?"

त्याने दोन्ही हात वर केले. डबा खाली पडला. "बी दोनशे चार!" तो ओरडला. उत्तर बरोबर होतं. मी पुढे जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी शहाभाई घरी आले. चांगला माणूस, आवाज हळू. "सावंतभाई, लोग डरते हैं."

"चोरांना भीती वाटली पाहिजे."

"चोर से नहीं. आप से."

पेट्रोलिंग बंद झालं.

आता दोरीचं सांगतो. नाल्यावर किंवा पायवाटेवर रात्री दबा धरून बसतात, त्याला अ‍ॅम्बुश म्हणतात. तिथे बोलता येत नाही, खोकता येत नाही. जवान जोडीने बसतात. एक जागतो, दुसरा आडवा होतो. दोघांच्या मनगटांना एकच दोरी बांधलेली असते. एक हिसका म्हणजे सर्व ठीक. दोन म्हणजे तुझी पाळी. तीन म्हणजे धोका. झोपणाऱ्याने दोरी सोडायची नाही, हा नियम आहे. त्या दोरीच्या भरवशावर माणूस दगडावरही झोपतो.

मी विचार केला, मला झोप लागत नाही कारण माझ्या दोरीला दुसरं टोक नाही. पालीहून आणलेली नायलॉनची दोरी घरात होती, जाळ्याला लावतात ती, न तुटणारी. एक टोक माझ्या डाव्या मनगटाला. तिथून खिडकीच्या ग्रिलमधून, सुनंदाच्या कुंड्यांवरून, खाली केबिनपर्यंत. दुसरं टोक वॉचमन रामसजीवनच्या हाताला.

रामसजीवन उत्तर प्रदेशचा, साठीला आलेला, नम्र माणूस. त्याला मी केबिनमध्ये उभं करून ब्रीफिंग दिलं.

तो म्हणाला, "फौजी साहब, मिस कॉल नहीं चलेगा?"

"मोबाइल की बॅटरी जाती है. रस्सी की नहीं जाती."

"और हमको पेशाब जाना हो तो?"

"दो हिसका. मैं जाग के बैठूँगा. आके एक हिसका. मैं सोऊँगा."

"हर बार?"

"हर बार."

त्याने हात पुढे केला. त्याचा चेहरा इंजेक्शन घेणाऱ्यासारखा होता.

पहिल्या रात्री २३०० ला एक हिसका आला. सर्व ठीक. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ०६२० झाले होते. सुनंदा पलंगाच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होती.

"काय झालं?"

"घोरत होतात तुम्ही. मला वाटलं घरात कोणी शिरलं."

चार रात्री मी असा झोपलो. पास्कल गेल्यापासूनच्या चोवीस वर्षांत पहिल्यांदा. सोसायटीत मी लोकांना गुड मॉर्निंग म्हणायला लागलो. बी दोनशे चारने लांबूनच हात वर केला, सवय.

पाचव्या रात्री, ०२५५ ला हिसका आला. एक. दोन. तीन. मी पूर्ण जागा होण्याआधी पलंगाखाली पोझिशन घेतली होती. चौथा हिसका आला. पाचवा. पाच हिसक्यांचा अर्थ माझ्या ऑर्डरमध्ये नव्हता. सहाव्या हिसक्याने मला पलंगाखालून बाहेर काढलं आणि सातव्याने खिडकीशी नेलं. हात ग्रिलला चिकटला. गाठ मीच मारलेली, ती सुटायची नव्हती.

"कॉन्टॅक्ट!" मी ओरडलो, म्हणजे शत्रूशी गाठ पडली. "लेफ्ट फ्लँक! कॉन्टॅक्ट!"

सुनंदा उठली. "काय कॉन्टॅक्ट? कोणाचा कॉन्टॅक्ट?"

खालून आवाज येत होते. "गेट जाम है! जोर लगाओ!" "अरे, लगा तो रहा हूँ!"

परिस्थिती नंतर समजली ती अशी. पाण्याचा टँकर रात्री अकराला येणार होता, तो तीनच्या सुमारास आला. रामसजीवनने माझी दोरी हातातून काढून गेटच्या कडीला बांधली होती. आमचं गेट सरकतं आहे, चाकांवरचं. तो आणि टँकरचा क्लीनर ते सरकवत होते. गेट दोन फूट सरकून अडत होतं, कारण दुसऱ्या टोकाला मी होतो. अडलं की ते दोघे आणखी जोर लावत होते.

पुढच्या जोराला कढीपत्त्याची कुंडी ग्रिलवरून सुटली आणि शहाभाईंच्या स्कूटरच्या सीटवर पडली. सीट खाली गेली, कुंडी फुटली, स्कूटरला अलार्म नव्हता, तरी आजूबाजूच्या चार गाड्यांचे अलार्म वाजले. तिन्ही विंगचे दिवे लागले.

सुनंदा भाजीची सुरी घेऊन आली. "हलू नका, हवालदार."

"माझा हात आहे तो."

"म्हणूनच सांगते."

तिने दोरी कापली. खाली गेट एकदम सुटलं आणि क्लीनर आडवा झाला.

मी जिना उतरलो तेव्हा माझ्या अंगावर बनियन आणि हाफ पँट, मनगटाला वीतभर दोरी. सगळी सोसायटी जमली होती. शहाभाई स्कूटरकडे बघत होते. मी थेट रामसजीवनसमोर उभा राहिलो. मला फार राग आला होता. हात वर गेला होता. शरम वाटते, पण गेला होता.

"रस्सी क्यों निकाली?"

 मनगट त्याने पुढे केलं. लाल वळ उठला होता. "साहब, काट रही थी. दस मिनट के लिए उतारी थी. बस, दस मिनट."

माझा हात खाली आला.

शहाभाईंनी निकाल दिला होता. "रामसजीवन, कल से मत आना."

"याला काढू नका," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"सावंतभाई, रस्सी इसने उतारी."

"मी पण उतरवली होती."

कोणाला काही कळलं नाही. टँकरवाल्याने हॉर्न दिला. शहाभाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना म्हणाले, "चलो, सो जाओ. पानी आ गया." रामसजीवनची नोकरी राहिली. सीट मी बदलून दिली.

वर आल्यावर सुनंदाने दार लावलं. "काय उतरवली होती?"

०३४० ला, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, मी तिला सांगितलं. तेच इथे लिहितो.

जागा उत्तरेतला एक नाला. नाव सांगत नाही. अ‍ॅम्बुशची तिसरी रात्र. आम्ही सहा जण, तीन जोड्या. मी आणि पास्कल डावीकडे. एक ते तीन जागण्याची पाळी त्याची, आडवं होण्याची माझी. पास्कलला मस्करीची सवय होती. कारण नसताना दोरी ओढायचा. मी दचकून बघायचो, तो अंधारात दात दाखवायचा. त्या रात्री त्याने दोनदा असं केलं. थंडी फार होती, दोरीने मनगट कापत होतं. मी दोरी काढली आणि पिठ्ठूच्या, म्हणजे पाठीवरच्या पिशवीच्या, पट्ट्याला बांधली. दहा मिनिटांसाठी. तीन राती झोप नव्हती. लगेच लागली.

०२४० ला नाल्यात हालचाल झाली. पास्कलने दोरी ओढली असणार. किती वेळा, ते मला माहीत नाही. पिठ्ठू जागा झाला नाही. तेव्हा तो आडोसा सोडून माझ्याकडे सरकला, मला हाताने उठवायला. तीन फूट अंतर होतं. त्यात त्याला गोळी लागली. मी उठलो तो फायरच्या आवाजाने.

बाकीच्या चौघांनी काम केलं. पोस्ट वाचली. सकाळी साहेबांनी विचारलं, "दोरी हातात होती?"

मी म्हणालो, "यस सर." उजाडायच्या आत मी ती परत मनगटाला बांधली होती.

सुनंदा खाली फरशीवर बसली. मग म्हणाली, "चोवीस वर्षं?"

"हो."

"आणि मी जायफळ उगाळत बसले."

तिने डोळे पुसले, चहा ठेवला. "मावशींना?"

"नाही सांगितलं."

"रविवारी जाऊ."

"मी जातो."

"एकटे गेलात तर बोंबील घेऊन याल. मी येते."

रविवारी ११४५ ला आम्ही स्कूटरवरून पालीला पोचलो. गल्ली अरुंद आहे, समोरून बाइक आली की आपण भिंतीला लागायचं. मावशी घरामागे होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. बांबूच्या मांडवावर बोंबील एकमेकांत अडकवून वाळत घातलेले होते आणि त्या एकेक उलटवत होत्या.

"आलास? बस. जेवान व्हतेय."

"मावशी, आधी बोलायचं आहे."

मी उभ्यानेच सांगितलं. अटेन्शनमध्ये उभा होतो, हे सुनंदाने नंतर सांगितलं. मी काही गाळलं नाही. मावशींचे हात थांबले नाहीत. संपल्यावर त्यांनी विचारलं,

"किती येल झोपलेलास?"

"वीस मिनिटं असतील."

"चांगली लागलेली?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. "हो," म्हणालो. "खूप चांगली."

"तीन राती जागलेला मानूस. लागनारच." त्यांनी आणखी एक बोंबील उलटवला. "पन दोरी काढाची न्हाय."

"नाही."

"साहेबाला खोटा बोललास."

"हो."

"आन् आठ वरसा माझे घरचा बोंबील खाऊन मना बोलला न्हायस."

"हो, मावशी."

आता त्या वळल्या. डोळे कोरडे होते, आवाज चढला होता. "मंग आज तुला जेवान न्हाय. सुनंदा, तू चल आत. तू काय केलेला न्हाय." दारातून त्यांनी मागे बघितलं. "तू हितच उभा ऱ्हा. कावले हाकल."

मी उभा राहिलो. १२१० ते १३४०. भर उन्हात, काठी घेऊन. आतून कोलंबीच्या कालवणाचा वास येत होता आणि सुनंदाचा आवाज, "मावशी, बस्स, बस्स." एवढी व्यवस्थित सेंट्री ड्यूटी मी आयुष्यात केली नसेल. एकही बोंबील गेला नाही. शेजारच्या घरातली एक बाई विचारून गेली, "काय झाला?" मी म्हणालो, "पनिशमेंट." ती म्हणाली, "मंग बराबर हाय."

१३४० ला मावशी पाट घेऊन बाहेर आल्या आणि सावलीत बसल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"आठ वरसा तू सांगतोस, पास्कल शूर, पास्कल वाघ. सगला फोटोखाली लिवल्यासारखा. आज खरा बोलतोस, तर खरा सांग. काय करायचा थय?"

मी सांगितलं. मस्करी करायचा. लंगरमध्ये दुसऱ्याच्या ताटातलं लोणचं उचलायचा. आणि समुद्राच्या गोष्टी सांगायचा. आमच्या सेक्शनमध्ये दहा जण. बहुतेक घाटावरचे, मी रत्नागिरीचा पण लांज्याकडचा. समुद्र असा कोणी जवळून पाहिलेला नव्हता. बर्फात, शेकोटीभोवती पास्कल सांगायचा, तुफानात सगळे रडत होते आणि मी एकटा होडीच्या टोकावर उभा होतो. एकदा तर देवमाशाची शेपटी धरून—

मावशींनी हात वर केला. "कोन उभा व्हता?"

"पास्कल."

"होडीवर?"

"टोकावर."

त्यांच्या तोंडातून एक आवाज आला. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. पदर तोंडावर धरला तरी थांबेनात. सुनंदा पाणी घेऊन धावत आली.

"वकायचा तो!" मावशी म्हणाल्या. "होडीत पाय टाकला का वकायचा. बांधलेले होडीत पन. बापाला गावात तोंड दाखवाला जागा न्हवती. कोल्याचा पोर आन् त्याला दर्या लागतो!"

हसू ओसरल्यावर त्या मांडवाकडे बघत राहिल्या. "बाप बोलला, ह्याचा काय कराचा. मी बोलले, फौजेत धाड. थय पानी न्हाय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मीच धाडला त्याला, दत्ता. मना पन झोप न्हाय लागत."

  सुनंदा त्यांच्या शेजारी खाली बसली. मग मावशी म्हणाल्या, "फुडले रविवारी ये. तवा जेवान देते. आज न्हाय म्हंजे न्हाय."

झोपेचं विचाराल तर आता ठीकठाक आहे. कधी चारपर्यंत लागते, कधी दोन चाळीस चुकत नाही. जाग आली की आता स्वयंपाकघरात दिवा लावून बसतो. कधी सुनंदा उठून येते, बहुतेक वेळा येत नाही.

आमच्या सेक्शनचे सहा जण अजून आहेत. त्या रविवारी संध्याकाळी मी सगळ्यांना फोन केले. उचलणाऱ्या प्रत्येकाला आधी दोरीचं सांगितलं. दोघांनी फोन ठेवला. एकाने अजून उचललेला नाही. तो त्याचा हक्क आहे. बाकीचे म्हणाले, पुढे बोल. त्यांना मी दर्या लागण्याचं सांगितलं.

साताऱ्याच्या नायक शिंदेने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "साला. त्याच्या त्या तुफानाच्या गोष्टी ऐकून मी पोराचं नाव सागर ठेवलं."

सागर आता तेवीस वर्षांचा आहे. लान्स नाईक पास्कल सव्वीसचा होता.